रिकाम्या चार मात्रा

हर्षू कुठल्याही नव्या खोलीत पाऊल ठेवते तेव्हा आधी एक टाळी वाजवते. एकच, कोरडी, दोन्ही तळवे किंचित वाकवून दिलेली. आणि मग मान तिरकी करून, डोळे अर्धे मिटून, भिंतींनी त्या टाळीचं काय केलं ते ऐकत उभी राहते. बाळकुमला आमच्या नव्या घराचा ताबा मिळाला त्या आश्विनातल्या दुपारी, आठव्या मजल्यावरच्या ओल्या रंगाच्या वासाच्या रिकाम्या खोल्यांमधून ती अशीच एकेक टाळी देत फिरली होती. खिडक्यांना अजून पडदे नव्हते. खाडीच्या पाण्यावरून उलटून आलेला पांढुरका प्रकाश फरशीवर पसरला होता आणि त्या प्रकाशात ही माझी नणंद, कागदावरची हर्षदा, कुणाची तरी हाक ऐकू यावी तशी भिंतींशी कान लावून थांबत होती. कोपऱ्यातल्या सर्वांत लहान खोलीत टाळी वाजवून ती क्षणभर थबकली आणि म्हणाली, "वहिनी, ही माझी." आम्ही बाकीचे तेव्हा देव कुठे मांडायचे आणि फ्रिज कुठे ठेवायचा यावर हमरीतुमरीवर आलो होतो.

मी डोंबिवलीची. सकाळच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे लिहिताना भाषा जरा इस्त्री करून येते. घरातल्यांनी ते चालवून घेतलं आहे, वाचकांनीही घ्यावं. माझ्या माहेरी गाणं म्हणजे संध्याकाळचा क्लास, पेटी, दुरेघी वही आणि परीक्षेची तारीख. लग्न होऊन बाळकुमच्या या आगरी घरात आले तेव्हा हर्षू कॉलेजात होती आणि गाणं वहीच्या बाहेरही राहतं, हे मला तिच्याकडे बघता बघता कळायचं होतं. कळायला मी बराच वेळ लावला, हे कबूल करते.

हर्षू गाणं लिहिते, चाल तीच लावते, गातेही तीच. गिटार तिची, संगणकातून काढलेले ढोल आणि व्हायोलिनं तिची, ते सगळे आवाज एकमेकांत मुरवण्याचं काम तिचं, आणि शेवटी गाण्याला चित्र लावून ते इंटरनेटवर सोडून देण्याचं धाडसही तिचंच. मागे कंपनी नाही, डोक्यावर साहेब नाही, पाठीवर हात ठेवणारा कुणी गुरू नाही. माझा नवरा प्रमोद, म्हणजे तिचा दादा, याला कुणी 'बहीण काय करते' विचारलं की पहिली काही वर्षं तो 'कॉम्प्युटरचं काहीतरी' असं म्हणून विषय पावसापाण्याकडे वळवत असे. लाज नव्हती ती. त्याला खरोखरच सांगता येत नव्हतं. सकाळी डबा घेऊन बाहेर न पडणाऱ्या माणसाला काम असतं हे आमच्या घराला पटवायलाच तिची उमेदीची काही वर्षं गेली.

तिच्या दिवसाचा गाभा दुपारी अडीच ते चार एवढाच. सकाळी इमारतीत प्रेशर कुकर असतात, मग धुणं-भांडी, मग कुणाच्या तरी घरातलं ड्रिलिंग. चारनंतर मुलं शाळेतून येतात आणि जिने दणाणतात. मधल्या त्या दीड तासात मात्र सबंध इमारत उजव्या कुशीवर वळून झोपते. पडद्यांच्या फटीतून ऊन चिंचोळं होऊन आत येतं, हर्षूच्या कामासाठी घरातले पंखे बंद असल्यामुळे धुळीचे कण हवेत जागच्या जागी तरंगतात, आणि भिंतींना गोधड्या लावलेल्या त्या लहान खोलीतून एकच ओळ येत राहते. वीसदा, चाळीसदा तीच ओळ, दर वेळी केसभर निराळी. सुरुवातीला मला वाटायचं, हिला येत नाही म्हणून ही पुन्हा पुन्हा म्हणते. मग एका दुपारी वह्या तपासता तपासता माझा लाल पेन थांबला, कारण तिसाव्या की एकतिसाव्या वेळी त्या ओळीतला 'अजून' हा साधा शब्द असा काही उतरला की पुढची वही उघडायचीच राहिली. ती मात्र पुढे आणखी दहादा म्हणाली. शेवटी तिनं कोणता 'अजून' ठेवला ते मी विचारलं नाही.

ऋतू तिच्याकडे आवाजांनी येतात. पौषातल्या सकाळी खाडीचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या चिखलातून बारीक बुडबुडे फुटतात, ते ती तासन्‌तास उकिडवी बसून टिपून आणते. चैत्रात समोरच्या अर्ध्या टॉवरला बांधलेल्या बांबूंच्या परांचीत वारा शिरून शीळ घालतो, ती शीळ तिच्या एका अंगाईत सनईच्या जागी आहे. भाद्रपदात, पाऊस थकल्यावर, पागोळ्यांचा ताल सावकाश होत होत थांबतो. कुठे थांबेल ते आधी ओळखण्याचा खेळ ती मनाशीच खेळते. काही ऐकताना उजव्या हाताचा तळवा ती असा वर धरते की घरातला चालता माणूस जिथल्या तिथे उभा राहतो. प्रमोद एकदा आमटीची वाटी हातात घेऊन असा मिनिटभर उभा राहिला होता आणि नंतर दिवसभर चिडला होता.

या नव्या घरात येण्याआधी तीन वर्षं ती डोंबिवलीत माझ्या माहेराजवळ एका तळमजल्याच्या खोलीत काम करायची. शेजारी पिठाची गिरणी होती. गिरणीचा पट्टा सुरू झाला की तिच्या खोलीची भिंत थरथरे. दुसरी कुणी असती तर जागा सोडून गेली असती, हिनं त्या थरथरीची लय मोजली आणि तिच्या पहिल्या सगळ्या गाण्यांना तीच गती दिली. पीठ लागलेल्या केसांनी ती आईकडे चहाला यायची. याच वर्षांत तिनं कल्याणच्या कॉलेजांच्या मेळाव्यांत गायलं, घोडबंदर रोडच्या मोठमोठ्या सोसायट्यांच्या शनिवारच्या बाजारांत पाणीपुरी आणि मेणबत्त्यांच्या स्टॉलच्या मध्ये उभी राहून गायलं, आणि 'एखादं ओळखीचं म्हणा ना' ही फर्माईश हसून झेलली. काही गाणी दूरदूरवर ऐकली गेली, बरीचशी कुणाच्या लक्षातही आली नाहीत. मधल्या भाकड दिवसांत ती आमच्या भागातल्या हळदीच्या डीजेंना नाचाचे ठेके बनवून द्यायची, ज्यांवर तिचं नाव नसायचं. "पोटाचं गाणं वेगळं आणि माझं वेगळं," असं ती म्हणायची, आणि हे दोन्ही एक दिवस समोरासमोर येतील असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

आता यमुआत्या. हर्षू तीन वर्षांची असताना तिची आई गेली. त्याच्या थोडं आधी तिच्या वडिलांची बहीण, यमुना, विधवा होऊन माहेरी परतली होती. ऐन तरुणपणी मिठागरात राबलेली, टाचांना कायमच्या भेगा पडलेली ही बाई हर्षूची आई झाली. ती धवलारीण. म्हणजे काय, ते मलाही लग्नात कळलं नव्हतं. आगरी लग्नात हळदीपासून अक्षतांपर्यंत प्रत्येक विधीला गाण्यांतून देवांना आणि पूर्वजांना बोलावणारी बाई ती धवलारीण, आणि ती गाणी म्हणजे धवले. ना पेटी, ना ढोलकी. बाई पाटाशी बसते, पदर डोक्यावर घेते आणि बोलू लागते. हो, धवला 'बोलतात'. माझ्या लग्नात आत्यानं त्या ओळींत माझं नाव गुंफलं तेव्हा माझ्या क्लासात घडलेल्या कानांना तिचा सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी अडकल्यासारखा वाटला होता आणि मी चक्क नाक मुरडलं होतं. त्या नाकाची मला आजही शरम वाटते.

धवल्यात प्रश्न असतो आणि उत्तर असतं. आत्याचा एक धवला होता, तो तिला तिच्या आत्यानं दिला होता, आणि तिच्याखेरीज तो कुणालाच येत नव्हता.

भरतीचा पानी आला गो दारी,
कोनाची नवरी पाटावरी?

मग नवरीचं नाव. त्यापुढे 'कोनाचा नवरा मांडवाखाली' असं विचारायचं आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं. नावं घेतली की लग्न लागलं. पुढचे भटजी, मंगलाष्टका, हार हे सगळं आत्याच्या लेखी कागदावरचा शिक्का.

हर्षू तिशी ओलांडून गेली आणि तिच्या मनात दहा गाण्यांची एक माळ तयार होऊ लागली. खाडी, मीठ, बांधावर उभे राहिलेले टॉवर, आणि त्या सगळ्याच्या मधोमध आत्याचा तो धवला, आत्याच्याच आवाजात. त्याच सुमारास आत्याला जिना चढताना धाप लागू लागली. बोलतानाही वाक्याच्या मध्ये थांबून ती श्वास गोळा करी. डॉक्टरांनी छातीवर नळी ठेवली, औषधं दिली, आणि बाहेर आल्यावर प्रमोदला जे सांगितलं ते त्यानं घरी अर्धंच सांगितलं. न सांगितलेलं अर्धं हर्षूनं त्याच्या आवाजातच ऐकलं. त्या दिवसापासून ती आत्याचा श्वास मोजू लागली, गिरणीची लय मोजली होती तसा. ओळीच्या शेवटापर्यंत तो पुरतो की नाही, एवढंच.

पण आत्या बोलेना. हर्षूनं खोलीत गादी घातली, उशा रचल्या, माइक अगदी हळुवार तिच्या ओठांशी आणला. आत्यानं तो माइक बोटानं बाजूला सारला.

"धवला बोलला की देव येतान. आले नि नवरी नाय दिसली, तं मी काय सांगू त्यांना?" आणि मग, खिडकीबाहेर बघत, "तुजा लगीन होल तवा बोलेन. तवा तुला काय करायचा तो कर."

घरातल्या प्रत्येक मुलीसाठी तिनं धवला बोलला होता. एकटी हर्षू राहिली होती. आणि हर्षूला लग्न करायचं नव्हतं. लोकांना यामागे काहीतरी कारण लागतं, कुणी दगा दिलेला, कुणी नाकारलेला. तसं काही नव्हतं. तिला एकटीनं राहायला आवडतं, इतकंच. हे आत्याला कळत नव्हतं असंही नाही. दोघी एकाच ताटात जेवायच्या, एकमेकींच्या केसांना तेल लावायच्या आणि या एका गोष्टीवरून एकमेकींपुढे दोन बांधांसारख्या आडव्या पडून राहायच्या. मधून वेळ वाहून चालला होता आणि तो घरातल्या सगळ्यांनाच ऐकू येत होता.

त्या वर्षीच्या वैशाखात चुलत दिराचं लग्न निघालं आणि हर्षूच्या डोळ्यांत चमक आली. हळदीच्या दिवशी तिनं आत्याच्या पदराच्या घडीत टाचणीएवढा माइक लपवला. आत्याला ते माहीत होतं. खऱ्या लग्नात तिची काहीच हरकत नव्हती. मांडवात हळदीचा वास, ओल्या आंब्याच्या पानांचा वास, आणि सूर्य मावळताना सगळ्या बायकांचे चेहरे हळदीनं आधीच उजळलेले. आत्यानं पदर डोक्यावर घेतला. पहिली ओळ सुरू झाली आणि पलीकडे डीजेनं आपल्या भिंतीएवढ्या स्पीकरांचं बटण दाबलं. जमीन हादरली. मी हर्षूकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता, आणि का ते मला तिनं नंतर सांगितलं. तो ठेका तिनंच बनवलेला होता. मागच्या वर्षी, भाकड दिवसांत, नाव न लावता दिलेला.

पुढचे दोन महिने दुपारी अडीच ते चार ती स्वतःच्या त्या ठेक्याला आत्याच्या आवाजातून उपसून काढत बसली. तिच्याकडे मूळ ठेका होता, त्याचा प्रत्येक ठोका तिला पाठ होता. गहू-खडे निवडावेत तसं ते वेगळं होईल असं तिला वाटलं होतं. पण ठेका मांडवातून, माणसांतून, हवेतून फिरून आला होता. तो उपसला की त्याच्याबरोबर आत्याही जायची, आणि मागे उरायचं ते पाण्याखालून कुणी बोलल्यासारखं काहीतरी. एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर ती कानांवरचे हेडफोन काढून भिंतीला टेकून बसली होती. "वहिनी, मीच बुडवलं गं तिला," एवढंच म्हणाली. मला तिला जवळ घ्यायचं होतं. चहा खाली ठेवून मी तिच्या केसांतून हात फिरवला.

मला एक वाट सुचली ती कार्तिकात, तुळशीची कुंडी गेरूनं रंगवताना. आत्या शेजारी बसून चिंच-आवळे निवडत होती. मी साळसूदपणे विचारलं, "आत्या, तुळशीच्या लग्नाला तुम्ही धवला बोलत नाही का हो?"

"आदी बोलायचो ना. तुलशीचा लगीन पन लगीनच. आता कोन सांगतंय बोलाला?" मग तिचा हात आवळ्यावर थांबला. माझ्याकडे तिनं इतका वेळ पाहिलं की माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. "युक्ती तुजी कं गो?"

मी मान डोलावली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"बरा. पन मांडव पायजे. हलद पायजे. नि सगला घर बसला पायजे."

मग आमच्या आठव्या मजल्यावरच्या गॅलरीत जो मांडव पडला तसा बाळकुममध्ये तुळशीला कधी पडला नसेल. ग्रिलला ऊस बांधले, आंब्याच्या डहाळ्या खोवल्या, पितळी बाळकृष्णाला हळद लावली. हर्षूनं फ्रिज बंद केला, पंखे बंद केले, भिंतीवरचं घड्याळ काढून गादीखाली घातलं, वरच्या-खालच्या घरांत जाऊन 'तासभर नळ हळू सोडा' अशी विनवणी केली. उसाच्या पानांत दोन माइक लपवले. दिवेलागणीची वेळ. घोडबंदरकडच्या उंच इमारतींच्या काचा एकेक करून विझत होत्या आणि त्यांच्यामागे घरातले दिवे लागत होते. त्या दोहोंच्या मधल्या निळसर उजेडात आत्या पाटाशी बसली, पदर डोक्यावर घेतला, आणि हर्षूनं तळवा वर केला.

काय सांगू? तो आवाज गोड नव्हता. कोरडा होता, नाकातला होता, मिठाच्या आगरावरच्या वाऱ्यासारखा तो सरळ येऊन अंगाला लागत होता. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधली जी जागा मला एकदा चूक वाटली होती, तिथेच तो ठाण मांडून बसला होता आणि तिथून हलण्याची त्याला गरज नव्हती. पहिला फेर झाला. कोनाची नवरी? तुलसाबाय. कोनाचा नवरा? किसनदेव. आत्या श्वासासाठी थांबली. थांबणं लांबलं. मग दुसरा फेर सुरू झाला, भरतीचं पाणी पुन्हा दारी आलं, कोनाची नवरी पाटावरी, आणि आत्या म्हणाली, हर्षदाबाय.

कुणी हललं नाही. हलताच येत नव्हतं, माइक चालू होते. प्रमोद अंतरपाट धरून तसाच उभा राहिला. 'कोनाचा नवरा मांडवाखाली?' आत्यानं विचारलं, आणि नावाच्या जागी नाव आलंच नाही. तिच्या बोटांनी पाटाच्या कडेवर चार हलके ठोके दिले, एक, दोन, तीन, चार, आणि ती पुढच्या ओळीवर गेली, मांडवाच्या पानांचं वर्णन करत, जणू काही झालंच नव्हतं. धवला संपल्यावर हर्षू उठून आत गेली.

घरात एकमत झालं की आत्या चुकली. वय झालं, दम लागला, तुळशीच्या जागी समोर बसलेल्या पोरीचं नाव तोंडात आलं आणि नवऱ्याच्या नावापाशी ती गोंधळली. प्रमोदचं म्हणणं पडलं, "अगं, अख्खं बाळकुम ऐकेल हे. एक तर तुझं नाव काढ, नाहीतर तिथं नवऱ्याचं नाव टाक. असं अर्धवट लग्न ऐकून लोक काय बोलतील?" हर्षूला स्वतःचं नाव काढवेना. त्या आवाजात ते पुन्हा कधी येणार नव्हतं. म्हणून तिनं तिच्या कलेला शोभेल अशी वाट काढली. पहिल्या फेरातला 'किसनदेव' उचलला आणि दुसऱ्या फेराच्या रिकाम्या जागी असा बेमालूम बसवला की सांधा कुणाला ऐकू येऊ नये. प्रमोद खूश झाला. देवाशी लग्न, कोण काय बोलणार? मलाही ते फार सुंदर वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

आत्याला ऐकवायला बसलो ती दुपार पौषातली. तिच्या पांढऱ्या केसांवर ते मोठे काळे हेडफोन होते आणि तोंडावर लहान मुलीसारखं कुतूहल. ती स्वतःलाच ऐकत मान हलवत होती. मग एकाएकी मान थांबली. तिनं हेडफोन काढले.

"यो कोन आनून बसवला मदी?"

"अगं, किसनदेव," हर्षू म्हणाली. "तू विसरलेलीस ना, म्हणून मी..."

"मी विसरली?" आत्याचा आवाज चढला, मग धाप लागली, मग ती हसली. "आख्खा जल्म नवऱ्यांची नावां घेतंय मी. येक चुकली नाय. ती जागा मी ठेवली गो. तुजी हाय ती. कदी कोन बसवावा वाटला तं बसव. नाय वाटला तं नको बसवू. लगीन मी लावला तुजा. झाला."

हर्षू आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, तिशी ओलांडलेली बाई, हमसून हमसून. मीही रडले. माझ्या मनात त्या क्षणी थोडा हेवाही होता, तो लपवत नाही. माझ्या धवल्यात माझ्या नावापुढे दुसरं नाव लगोलग आलं होतं, आणि मधे एखादी मात्रा थांबून मला विचारावं असं कुणाला सुचलं नव्हतं. मग हर्षूनं डोळे पुसले, संगणकापाशी जाऊन 'किसनदेव' निवडला आणि पुसून टाकला. आत्यानं देवघराच्या दिशेनं हात जोडले. "तू ऊठ रे बाबा आता," म्हणाली.

गाणं माघात बाहेर पडलं. दूरदूरच्या अनोळखी माणसांनी ऐकलं, हर्षूच्या कुठल्याच गाण्याला लाभलं नव्हतं असं प्रेम त्याला लाभलं, आणि त्या प्रेमाबरोबर एक तक्रारही सतत येत राहिली, की मध्ये एका ठिकाणी आवाज गळतो, फाइल बिघडली आहे का, दुरुस्त करून टाका. हर्षू उत्तर देत नाही. बाळकुमच्या बायकांनी मात्र असं काही विचारलं नाही. त्यांनी ऐकलं आणि आत्याला भेटायला येताना हर्षूसाठी हळद-कुंकू आणि नवी साडी आणली, लग्न झालेल्या मुलीला आणतात तशी. वैशाखात, ऊन पिकून पिवळं झालेलं असताना, आत्या दुपारच्या झोपेतच गेली. अडीच ते चारच्या मध्ये केव्हातरी. इमारत इतकी शांत होती की आम्हाला ते उशिरा कळलं.

परवा कल्याणला एका लहानशा सभागृहात हर्षूचा कार्यक्रम होता. शेवटी तिनं तो धवला लावला. आत्याचा आवाज अंधारातून आला, त्याच्याभोवती हर्षूचा आवाज हलकेच फिरत राहिला, आणि 'कोनाचा नवरा' असं विचारून झाल्यावर दोन्ही आवाज थांबले. पाटावरचे चार ठोके. हर्षू रंगमंचावर नुसती उभी होती, स्वस्थ, भरल्या घरात उभी असावी तशी. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी वळून कुजबुजत विचारलं, "बिघडलं का हो काही?" मी नाही म्हणाले. हे सगळं टिकेल, आत्या कुणाच्या विस्मरणात जाणार नाही, असलं काही मी म्हणणार नाही. काळ पुसतो, आणि त्यानं आत्याच्या टाचांच्या भेगा, तिचा पदर, तिची धाप माझ्या डोळ्यांपुढून पुसायला सुरुवातही केली आहे. मात्र जेव्हा जेव्हा हे गाणं कुठे वाजतं, तेव्हा तेवढ्या चार मात्रा काळाला मांडवाबाहेर उभं राहावं लागतं.